छोट्या पिट्टूचा दाखला

२०१५ च्या जुलैत साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्या घरी एक वस्तू घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि वरून लाल फडक्यात बांधलेली, घरातली पोथी बांधतात तशी. फडके सोडल्यावर आतून खाकी रंगाची, पितळी बकलांची एक चौकोनी सुती पिशवी निघाली. सैन्यात तिला छोटा पिट्टू म्हणतात.

गुरुजींचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका आणि इटली अशा दोन्ही आघाड्यांवर लढून १९४६ साली ते घरी परतले आणि १९८८ साली वारले. गावच्या शाळेत माजी सैनिकांच्या वस्तूंची एक खोली उभी राहत होती. तिथे हा पिट्टू ठेवायचा होता. "केरेनच्या लढाईत हा वडिलांच्या पाठीवर होता," गुरुजी म्हणाले. "तुम्ही एकदा तपासून सांगा, म्हणजे पाटी लिहायला हरकत नाही."

मी तपासला आणि अर्ध्या तासात सांगून टाकले, की ही वस्तू युद्धकाळातली दिसत नाही, नंतर कोणी तरी केलेली नक्कल असावी. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी फडक्याच्या गाठी पहिल्यासारख्या बांधल्या, चहा अर्धा ठेवला आणि एसटी चुकेल म्हणून निघाले.

माझा निष्कर्ष चुकीचा होता. पण त्या दिवशी मी मान डोलावली असती, तर लागली असती ती पाटीही चुकीचीच ठरली असती. या दोन चुकांमधून खरे काय ते हाती यायला साडेतीन महिने लागले. लष्करी साहित्याच्या पारखेबद्दल मला जे काही कळते, त्याची खरी परीक्षा त्या साडेतीन महिन्यांत झाली. म्हणून हा लेख.

*

मी इतिहासाचा पदवीधर नाही. एका सहकारी बँकेत कारकून म्हणून माझी बरीच वर्षे गेली. १९९३ साली पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी पितळी बकलाचा एक जुना लष्करी पट्टा घेतला, तो वापरायला म्हणून. घरी येऊन आतल्या बाजूला पाहिले तर पुसट शाईत दोन-तीन अक्षरे, एक बाण आणि '१९४२' असे साल. छोडो भारतच्या वर्षातला हा पट्टा कोणी विणला, कोणाच्या कमरेला होता, माझ्यापर्यंत कसा आला, या प्रश्नांनी मला धरले ते धरलेच. तेव्हापासून मी रणांगणावरचे साहित्य जमवतो. बंदुका, काडतुसे, बॉम्बगोळे यांच्या वाटेला मी जात नाही. त्यासाठी कायदा आहे आणि जुना दारूगोळा निकामी झाला असे समजून हाताळणारी माणसे जिवाला मुकलेली आहेत. माझा संग्रह पट्टे, पिट्टू, पाउच, पाण्याच्या बाटल्या, मेस टिन असा साधा आहे. तो भिंतीवर शोभत नाही. बायको त्याला 'पलटणीचा पसारा' म्हणते.

या पसाऱ्याचा मुख्य भाग म्हणजे वेबिंग. वेबिंग ही पलंगाच्या नवारीची सख्खी बहीण: जाड सुताची, घट्ट विणीची पट्टी. एकोणिसाव्या शतकात सैनिकाचा साज प्रामुख्याने कातड्याचा असे. कातडे पावसात फुगते, उन्हात तडकते आणि त्याला सतत तेलपाणी लागते. अमेरिकी सैन्यातला अधिकारी अॅन्सन मिल्स याने काडतुसांच्या खोबणी पट्ट्यावर शिवण्याऐवजी पट्ट्याबरोबरच विणून काढण्याची युक्ती शोधली. बोअर युद्धानंतर ब्रिटिशांना नवा साज हवा होता. मेजर बरोज या अधिकाऱ्याने लंडनच्या मिल्स कंपनीबरोबर तो तयार केला आणि १९०८ साली तो सैन्याने स्वीकारला. त्यात दोन्ही बाजूंना मिळून दीडशे काडतुसे मावत. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकाच्या छायाचित्रात छातीवर छोट्या छोट्या खिशांच्या ओळी दिसतात, तो हाच १९०८ पॅटर्न.

१९३० च्या दशकात ब्रेन ही हलकी मशीनगन आली आणि हिशेब बदलला. तुकडीची मारकशक्ती आता ब्रेनभोवती होती, त्यामुळे प्रत्येक सैनिकाने ब्रेनची मॅगझिने वाहायची असे ठरले. छोटे खिसे गेले आणि छातीवर दोन मोठे, आयताकृती पाउच आले. हा १९३७ पॅटर्न. पुढे स्टेन ही छोटी मशीन-कार्बाइन आल्यावर तिच्या लांब मॅगझिनसाठी याच पाउचची उंची वाढवावी लागली. म्हणजे नुसत्या पाउचच्या उंचीवरूनही काळ ओळखता येतो. या साजातला पाठीवरचा छोटा पिट्टू अंदाजे अकरा इंच उंच, नऊ इंच रुंद आणि चार इंच खोल असतो. आत एक आडवा पडदा असतो आणि त्याच्या एका बाजूला दोन कप्पे: एकात मेस टिन, एकात पाण्याची बाटली. उरलेल्या जागेत पाल, मोजे, शिधा.

*

पारख कशी करायची? नवा संग्राहक आधी शिक्का शोधतो. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण असते आणि बाण दिसला की माल अस्सल असे त्याला वाटते. पण बाण एकट्या ब्रिटनचा नाही. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाबरोबर इंग्रजी 'आय' हे अक्षर येते, कॅनडाचा बाण 'सी' अक्षराच्या पोटात बसतो, ऑस्ट्रेलियाच्या बाणाच्या दोन्ही बाजूंना 'डी' असतो. स्वतंत्र भारतानेही बाण सोडला नाही. आजच्या लष्करी गाडीची नंबरपाटी पाहा, आकड्यांच्या आधी वर टोक केलेला बाण दिसेल. युद्धानंतर बेल्जियमच्या सैन्याने याच धर्तीचा साज बनवून वापरला. त्यावरचा 'एबीएल' हा शिक्का पुसून तो महायुद्धातला म्हणून विकतात. आपल्याकडे तर १९३७ पॅटर्न स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि १९६२ च्या चीन युद्धात नेफाच्या डोंगरांत गेलेल्या जवानांच्या अंगावरही तो होता. पोलीस, होमगार्ड, एनसीसी यांच्या पट्ट्यांत त्याची वंशावळ त्याहूनही पुढे चालली. म्हणून भारतातल्या बाजारात १९३७ पॅटर्नची वस्तू म्हणजे १९३७ ते १९४५ मधली वस्तू, हे समीकरण मांडणारा हमखास फसतो.

शिवाय शिक्का मारायला फारसे काही लागत नाही, एक रबरी ठसा आणि शाई पुरते. म्हणून मी शिक्क्यापेक्षा शिक्क्याखालचे सूत पाहतो. खरा शिक्का वस्तू नवी असताना मारलेला असतो. मग वापराने विणीचे उंचवटे झिजतात, त्यांच्यावरची शाई जाते आणि सुतांमधल्या खळग्यांत मात्र ती राहते. भिंगातून पाहिले तर अक्षर तुटक दिसते. झिजलेल्या धाग्यांवरही शाई सलग पसरलेली दिसली, तर झीज आधीची आणि शिक्का नंतरचा.

दुसरी परीक्षा धाग्याची. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा. शिलाईच्या धाग्यात तो सर्रास आला युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी. शिवणीतून सुटलेले एखादे टोक जाळून पाहावे. सूत कागदासारख्या वासाने जळते आणि राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. तिसरी परीक्षा पितळेची. बकलाच्या कोपऱ्यात, जिथे पट्टी सतत घासते, तिथे धातूची झीज आणि पट्टीवरचा डाग एकमेकांशी जुळले पाहिजेत. पितळ कळकले की पट्टीवर हिरवट छाया पडते. रसायनात बुडवून 'जुने' केलेल्या बकलावर कळंक असतो, पण त्याखालची पट्टी कोरी राहते.

चौथी परीक्षा ब्लॅन्कोची. पट्ट्यांना एकसारखा रंग यावा म्हणून सैनिक ब्लॅन्को नावाची रंगाची वडी ओल्या ब्रशने त्यांवर घासत. वरचा थर धुऊन जातो, पण शिवणींच्या कडेला, बकलाच्या मागे, घडीच्या आत त्याची भुकटी वर्षानुवर्षे टिकते. सगळ्या पलटणींनी सगळीकडे ब्लॅन्को लावले असे नाही, तरी ते सापडले तर वस्तू सैनिकाच्या हातून गेल्याची ती चांगली साक्ष असते. आणि पाचवे, झाकणाच्या आत लिहिलेला सैनिकाचा क्रमांक किंवा नाव. किट तपासणीत आपला पिट्टू दुसऱ्याच्या पिट्टूत मिसळू नये म्हणून जवान तो क्रमांक घालत.

या सगळ्याला मी बँकेच्या नोकरीतून आलेली एक सहावी परीक्षा जोडली होती. नोटा तपासायचा निळा दिवा. अतिनील प्रकाशात जुने सूत मंद, पिवळट दिसते. आजच्या पुष्कळ कापडांत आणि धाग्यांत उजळपणासाठी एक रसायन असते, ते या प्रकाशात निळसर-पांढरे चमकते. गुरुजींचा पिट्टू दिव्याखाली धरला तेव्हा तो ट्यूबलाइटसारखा चमकला होता. शिवणीत ब्लॅन्कोचा कण नव्हता आणि झाकणाच्या आत क्रमांक नव्हता. शिक्का पुसट होता, पण दिव्याने मला इतके खात्रीचे उत्तर दिले होते, की शिक्क्यावर मी भिंग धरलेच नाही. परक्याच्या घरची आठवण, तिचा धागा कसा जाळायचा, म्हणून जळण्याची परीक्षाही केली नाही.

*

दर्जाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण माझ्या त्या दिवशीच्या निकालात दर्जाचाही वाटा होता.

ब्रिटनमध्ये विणलेले १९३७ पॅटर्नचे वेबिंग हातात घेतले की कळते. वीण एकसारखी, कडा सरळ, आणि खांद्यावरची पट्टी तर एक इंचाची दोन इंच होते ती शिवण न घालता, मागावरच रुंद होत जाते. भारतात बनलेले नमुने वेगळे असतात. सूत भरड, मध्येच गाठी, एकाच पिट्टूच्या झाकणाचा आणि पाठीचा खाकी रंग वेगळा. माझ्या पाहण्यातल्या काही खांदेपट्ट्यांत तर अरुंद पट्टीला रुंद तुकडा शिवून काम भागवले आहे. परदेशी संग्राहक अशा मालाला कच्चा म्हणतात आणि किंमत कमी देतात.

पण हा कच्चेपणा कुठून आला ते पाहिले पाहिजे. १९३९ साली हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांचे होते, १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांवर गेले. १९४० च्या हिवाळ्यात दिल्लीत एक परिषद भरली आणि तिच्यातून ईस्टर्न ग्रुप सप्लाय कौन्सिल उभे राहिले: सुएझच्या पूर्वेकडच्या युद्धाला लागणारा माल शक्यतो पूर्वेकडच्याच देशांनी पुरवावा म्हणून. त्यातला मोठा भार हिंदुस्थानवर आला. पट्टी मागावरच रुंद करत नेणारे खास माग इथे सगळीकडे कुठून असणार? जे माग होते त्यांवर जे सूत मिळाले ते विणले गेले, अरुंद पट्टीला तुकडा जोडून ती रुंद केली गेली आणि माल वेळेवर बोटीत चढला. ज्या भरड विणीला संग्राहक नाक मुरडतो, तिच्यात त्या घाईचा सगळा इतिहास आहे.

त्यातून पारखेचा एक उलटा नियम निघतो. नक्कल पुष्कळदा मूळ वस्तूपेक्षा चांगली असते. आज युरोप-अमेरिकेत जुन्या लढायांचे प्रयोग करणारे हौशी गट आहेत आणि त्यांच्यासाठी लागणारा साज भारतात आणि पाकिस्तानात मोठ्या प्रमाणावर बनतो. बनवणारे तो नवा म्हणूनच विकतात, त्यात लबाडी नाही. लबाडी पुढच्या हातात होते: लेबल उसवायचे, चहाच्या पाण्यात भिजवायचे, ठसा मारायचा. अशा मालाची वीण एकसारखी असते, कारण ती आजच्या यंत्रावरची असते. दर्जा आणि अस्सलपणा हे वेगळे प्रश्न आहेत आणि युद्धकाळातल्या भारतीय मालात तर ते अनेकदा एकमेकांच्या विरुद्ध दिशेला बोट दाखवतात. गुरुजींच्या पिट्टूचे झाकण आणि पाठ वेगवेगळ्या रंगाची होती, हे मला त्या दिवशीही दिसले होते. ते मी नंतरची डागडुजी म्हणून सोडून दिले.

नायलॉनचे युग आल्यावर फसवणुकीची जागा बदलली, प्रकार तोच राहिला. अमेरिकी सैन्याच्या १९७० च्या दशकातल्या 'अॅलिस' साजावर लेबल असते आणि त्यावर कंत्राटाचा क्रमांक. क्रमांकाच्या सुरुवातीला 'डीएसए' असेल तर तो साधारण १९७७ पूर्वीचा आणि 'डीएलए' असेल तर नंतरचा, कारण त्या वर्षी खरेदी करणाऱ्या खात्याचे नावच बदलले. क्रमांकात पुढे आर्थिक वर्षाचे दोन आकडे येतात. नक्कल करणारा हे सगळे हुबेहूब छापतो. पण लष्करी कापडाचा रंग रात्रीच्या दुर्बिणीतूनही झाडापाल्यात मिसळावा असा बेतलेला असतो. स्वस्त नकलेचा रंग डोळ्यांना तोच दिसतो आणि अवरक्त प्रकाशात पाल्यापासून वेगळा उठून दिसतो. इथेही अक्षरे खोटी करता येतात, पदार्थ करणे अवघड जाते. आजच्या सेवेतल्या गणवेशाच्या मात्र मी जवळ जात नाही. २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर लष्कराने तसे कापड विकू नका आणि घालू नका असे आवाहन केले होते. आपल्या छंदापायी एखाद्या फाटकावरच्या पहारेकऱ्याची नजर फसू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

*

सप्टेंबरमध्ये मी माझे कपाट आवरत होतो. सहज म्हणून तो १९९३ सालचा पहिला पट्टा निळ्या दिव्याखाली धरला. तो चमकला.

या पट्ट्याबद्दल मला शंका असण्याचे कारण नव्हते. त्याचा धागा मी जाळून पाहिला होता, शिक्का भिंगातून वाचला होता. मग आठवले, की काही वर्षांपूर्वी बुरशी आली म्हणून मी तो धुण्याच्या पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजवला होता. उजळपणाचे ते रसायन पावडरीतही असते आणि सूत ते पिऊन घेते. म्हणजे माझा दिवा पट्टा नवा की जुना हे सांगत नव्हता. तो धुतला आहे की नाही एवढेच सांगत होता.

गुरुजींना फोन केला. माझ्याकडून चूक झाली असावी, मला पुन्हा पाहायचे आहे, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "खंडेनवमीला या. तेव्हा तो पूजेत असतो."

मी गेलो. ओसरीवर विळा, कुऱ्हाड, कोयता आणि गुरुजींच्या नातवाची सायकल यांच्या ओळीत तो पिट्टू झेंडू घालून ठेवला होता. बकले चिंचेने घासून लख्ख केली होती. मी विचारायच्या आतच गुरुजींच्या सूनबाई म्हणाल्या, "काका, दर दसऱ्याला मीच धुते तो. आधी सासूबाई धुवायच्या. पावडरच लावतो, दुसरं काय लावणार?"

पूजा झाल्यावर गुरुजींच्या परवानगीने तळाच्या शिवणीतले सुटलेले टोक जाळले. राख झाली. झाकणाच्या आतला शिक्का भिंगाखाली धरला. शाई खळग्यांत होती, उंचवट्यांवर नव्हती. साल १९४३. वीण भरड, रंग दोन, कप्प्यांचा पडदा जिथे हवा तिथे. वस्तू युद्धकाळातली आणि भारतात बनलेली होती, यात शंका उरली नाही. मी सर्वांसमोर गुरुजींची माफी मागितली. त्यांच्या चेहऱ्यावर जुलैनंतर पहिल्यांदा समाधान दिसले आणि ते किती वेळ टिकणार हे मला माहीत होते.

कारण केरेनची लढाई फेब्रुवारी-मार्च १९४१ ची. इरिट्रियातल्या त्या डोंगरांवर इटालियन सैन्य घट्ट बसले होते आणि १५ मार्चला मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनने फ्लॅट टॉप नावाची टेकडी घेतली. १९४३ साली शिवलेली पिशवी १९४१ च्या लढाईत असू शकत नाही. शिवाय युद्धाच्या पहिल्या वर्षांत अनेक हिंदी पलटणींकडे अजून १९०८ चाच साज होता.

हे सांगितले तेव्हा गुरुजी उठून आत गेले आणि डिस्चार्ज बुक, पदके घेऊन आले. "हे बघा. आफ्रिका स्टार आहे, इटली स्टार आहे. हेही खोटं का?" मी म्हणालो, ते शंभर टक्के खरे आहे, तुमचे वडील तिथे होते, प्रश्न फक्त पिशवीचा आहे. पण माझ्या लक्षात आले, की त्यांच्या दृष्टीने हे दोन प्रश्न नव्हतेच. पिशवीवर शंका म्हणजे वडिलांवर शंका. मी घाईने म्हणालो, की इटलीत, १९४४ मध्ये हा पिट्टू त्यांच्याकडे असणे शक्य आहे, पाटीवर इटली लिहू.

तेव्हा आतल्या खाटेवरून आजी बोलल्या. गुरुजींच्या आई, वय चौऱ्याऐंशी.

"लढाईतला कुठला रं त्यो? पुन्याच्या बाजारातला हाय."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी जे सांगितले ते असे. "ते आलं तवा एक ट्रंक आन् कांबळं, येवढंच हुतं. बाकी समदं सरकारजमा केलं म्हनले. लग्नाच्या दुसऱ्या वर्सी पुन्याला गेलं आन् डिस्पोजलच्या ढिगातनं ह्यो घिऊन आलं. मी म्हनलं, भाकरी बांधाया फडकं न्हाई का घरात? तर म्हनले, खांदा मोकळा वाटतुया."

*

आजींच्या बोलण्यातली प्रत्येक गोष्ट कागदपत्रांशी आणि पिशवीशी जुळत होती. सैनिकाला दिलेला साज त्याचा नसतो. हरवला तर पगारातून कापला जातो आणि पलटण सोडताना तो मोजून परत द्यावा लागतो. युद्ध संपल्यावर सरकारकडे अशा मालाचे डोंगर उरले आणि ते विकण्यासाठी डिस्पोजल्सचे स्वतंत्र खातेच होते. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द त्या पिढीच्या तोंडी होता तो त्यातूनच. आज संग्राहकांकडे असलेला बराचसा साज सैनिकांच्या घरातून आलेला नाही, तो गोदामांतून आला आहे.

आणि पिशवीने हे मला जुलैतच सांगितले होते. शिवणीत ब्लॅन्को नाही, झाकणात क्रमांक नाही. या खुणा मी बरोबर टिपल्या होत्या आणि त्यांचा अर्थ चुकीचा लावला होता. मला वाटले, सैनिकाच्या खुणा नाहीत म्हणजे माल नवा. खरा अर्थ एवढाच होता, की हा पिट्टू गोदामातून कुठल्याही पलटणीला कधी दिला गेला नाही. तळाची झीज होती, पण ती चाळीस वर्षे शेतावर भाकरी, पाण्याची बाटली आणि विळा वाहून झालेली.

मग केरेनची गोष्ट त्याला कशी चिकटली? गुरुजी थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले. लहानपणी वडिलांबरोबर शेतावर जाताना ते केरेनच्या गोष्टी सांगत. घरात बसून ते लढाईबद्दल कधी बोलत नसत. पिट्टू खांद्याला लावून वाटेला लागले की बोलत. मुलाने ती गोष्ट आणि तो खांदा एकत्रच पाहिला. यात कोणी खोटे बोलले नव्हते. मी गेली अनेक वर्षे तोंडी आठवणी नोंदवताना 'माहितगाराची चूक' असा शेरा मारत आलो होतो. त्या दिवसानंतर तो शेरा मी लिहिलेला नाही. आठवण वस्तूला कुठे आणि कशी जोडली गेली, ते आता मी विचारतो.

पाटीचा प्रश्न मात्र उरला होता. गुरुजी दोन दिवस तयार नव्हते. "बाजारातून आणलेली पिशवी शाळेत कशाला ठेवायची?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. माझे म्हणणे असे, की केरेनला पाठीवर असलेले पिट्टू सरकारजमा झाले, सडले, भंगारात गेले. पण लढाईहून परत आलेला माणूस शेतात उभा राहिल्यावर त्याला खांदा मोकळा वाटतो आणि तो स्वतःच्या पैशाने तोच भार विकत आणतो, याचा पुरावा किती गावांकडे असेल? पलटणीच्या इतिहासात हे येत नाही. तिथे १९४६ नंतर हा माणूस फक्त पेन्शनच्या यादीत असतो.

शेवटी गुरुजींनी स्वतः, फळ्यावर लिहितात त्या वळणदार अक्षरात, पाटी लिहिली. 'छोटा पिट्टू, १९३७ पॅटर्न. भारतात तयार, १९४३.' त्याखाली वडिलांचे नाव. त्याखाली: 'हे केरेन आणि इटली येथे लढले. हा पिट्टू त्यांनी युद्धानंतर पुण्यात विकत घेतला आणि शेवटपर्यंत शेतावर वापरला.' शेजारी डिस्चार्ज बुक आणि दोन पदके ठेवली. माझा दाखलाही त्यांनी मागून घेतला. मी त्यात जुलैतला चुकीचा निकाल आणि तो कसा चुकला हेही लिहिले, म्हणजे उद्या कोणी निळा दिवा घेऊन तिथे गेलाच तर त्याचा अर्धा तास वाचेल.

तो दिवा अजून माझ्या खणात आहे आणि उपयोगीही पडतो. त्याच्या दांड्याला मी एक चिठ्ठी बांधून ठेवली आहे: 'आधी विचारा, धुतले आहे का? कोणी धुतले? कशासाठी?'